समुपदेशन कक्षात मुले येत नाहीत, आणि ज्यांनी यायला हवे ती तर मुळीच नाहीत

प्रश्न
विचारणार : शाळा समुपदेशक, नाशिक रोड

मी जूनपासून नाशिक रोड भागातील एका माध्यमिक शाळेत समुपदेशक म्हणून काम करीत आहे. पाचवी ते दहावीचे मिळून सुमारे चौदाशे विद्यार्थी आहेत आणि समुपदेशक मी एकटीच आहे. मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, त्यानंतर समुपदेशनाची पदविकाही केली. तरीही पहिल्या तीन महिन्यांत जे अनुभवास आले त्याची तयारी कोणत्याही अभ्यासक्रमाने करून घेतली नव्हती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मला मिळालेली खोली कार्यालयाला लागून आहे. दारावर मोठ्या अक्षरांत ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे आणि व्हरांड्याच्या बाजूला काचेची खिडकी आहे. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीकडे जाणारी सगळी मुले या खिडकीसमोरून जातात. त्यामुळे आत कोण बसले आहे हे साऱ्या शाळेला कळते. मागील महिन्यात सातवीचा एक मुलगा माझ्याकडून बाहेर पडला, तेव्हा दोन मुलांनी त्याला ‘मेंटल’ म्हणून हाक मारलेली मी स्वतः ऐकली. तो पुन्हा आला नाही.

शिक्षक माझ्याकडे मुले पाठवतात, परंतु ती बहुतेक वेळा शिक्षा म्हणून. वर्गात दंगा केला, गृहपाठ केला नाही, मारामारी केली की ‘जा, मॅडमकडे जाऊन बस’ असे सांगितले जाते. जी मुले कोणालाच त्रास देत नाहीत ती माझ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आठवीतील एक मुलगी रोज मधली सुट्टी टाकीशेजारच्या कट्ट्यावर एकटी काढते. डबा उघडते, दोन घास खाते, झाकण लावते आणि घंटा होईपर्यंत डब्याच्या कडीशी चाळा करीत बसते. तिची हजेरी चांगली आहे, गुण थोडेसेच घसरले आहेत, आणि तिच्याविषयी विचारले असता वर्गशिक्षिका म्हणाल्या की ती अतिशय शहाणी मुलगी आहे, तिची काहीच तक्रार नाही. मला मात्र त्या ‘काहीच तक्रार नाही’ या शब्दांचीच काळजी वाटते.

माझा प्रश्न असा आहे की अशा मुलांपर्यंत, त्यांच्यावर कोणताही शिक्का न बसू देता, कसे पोहोचावे? तिला थेट बोलावून घ्यावे तर सर्वांच्या नजरेत येईल. वाट पाहावी तर वर्ष निघून जाईल. ज्यांनी शाळेत प्रत्यक्ष हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

उत्तर १
शालेय समुपदेशक, गंगापूर रोड (बारा वर्षांचा अनुभव)

ताई, आपण त्या मुलीकडे पाहिलेत, तिचा डबा पाहिलात, हेच आपल्या कामाचे अर्धे अंग आहे, आणि ते खोलीबाहेर घडले आहे याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे सुचवते. आपल्याकडे एकीच्या वाट्याला चौदाशे मुले आहेत. एकेकाला खोलीत बोलावून हे काम पुरे होणार नाही, म्हणून खोली हा कामाचा शेवटचा टप्पा समजावा आणि पहिला टप्पा वर्गात व मैदानावर सुरू करावा.

सर्वप्रथम पाटी आणि खिडकी बदलून घ्यावी. काचेला खालून दोन तृतीयांश उंचीपर्यंत खाकी कागद लावला तरी चालतो. मग मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एक नियम करावा: हजेरीपटावरील क्रमांकाप्रमाणे प्रत्येक वर्गातील चार-चार मुलांनी दहा मिनिटांसाठी आपल्या खोलीत यायचे. सर्वांनी यायचे, पहिल्या क्रमांकाच्या मुलानेही आणि सर्वांत खोडकर मुलानेही. चौदाशे मुले एका सत्रात होणार नाहीत हे खरे, म्हणून पाचवी आणि आठवीपासून आरंभ करावा, कारण याच दोन वर्षी मुलांच्या तुकड्या, शिक्षक, कधी कधी शाळाही बदलते. सगळेच जाऊन आले की त्या खोलीत जाण्याला अर्थ उरत नाही, आणि तसा तो उरू नये हीच आपली इच्छा आहे. शिक्षा म्हणून मुले पाठवणे थांबवावे ही विनंतीही याच वेळी शिक्षकसभेत करावी. ती मुले आपल्याला भेटायला हवीतच, परंतु भांडणाच्या क्षणी नव्हे तर दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते. वर्गात कोण एकटे आहे हे डोळ्यांनी सर्वस्वी कळत नाही. त्यासाठी समाजमिती नावाची एक जुनी पद्धत आहे. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी ती १९३० च्या दशकात मांडली. प्रत्येक मुलाला एक कोरी चिठ्ठी द्यावी आणि सांगावे, ‘पुढील महिन्यात एक प्रकल्प करायचा आहे; वर्गातील कोणत्या तिघांबरोबर तो करायला तुम्हाला आवडेल त्यांची नावे लिहा.’ चिठ्ठ्या घडी घालून आपण स्वतः गोळा कराव्यात, वर्गप्रमुखाकडे देऊ नयेत. नंतर मोठ्या कागदावर प्रत्येक मुलासाठी एक वर्तुळ काढून, ज्याने ज्याचे नाव लिहिले त्या दिशेने बाण काढावेत. तासाभराचे काम आहे, पण कागद भरत जातो तसतसे मन हेलावते, कारण काही वर्तुळांकडे दहा-बारा बाण जातात आणि काही वर्तुळांतून तीन बाण बाहेर पडतात, आत मात्र एकही येत नाही. ‘कोण नको’ हा प्रश्न चुकूनही विचारू नये. मधल्या सुट्टीत त्याचीच चर्चा होते आणि ज्याला आधीच कोणी विचारत नाही त्याच्या जखमेवर आपणच मीठ चोळल्यासारखे होते. तो कागद कुलुपात ठेवावा. प्रकल्पाचे गट करताना, ज्याच्याकडे एकही बाण नाही त्याने लिहिलेल्या तीन नावांपैकी जे मूल स्वभावाने सांभाळून घेणारे असेल त्याच्याबरोबर त्याला ठेवावे आणि प्रकल्प खरोखर करून घ्यावा. मुलांना शब्द दिला आहे, तो मोडू नये.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या मुलांना ‘कसे वाटते’ असे विचारले की दोनच उत्तरे येतात: ‘टेन्शन आलंय’ आणि ‘बोअर होतंय’. मराठीत मनाच्या अवस्थांसाठी विलक्षण नेमके शब्द आहेत आणि ते मुलांच्या हाती राहिलेले नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. मी आठवीच्या एका तासाला फळ्यावर हिरमुसणे, ओशाळणे, धास्ती, चीड, रुखरुख, हुरहुर आणि कोंडमारा हे सात शब्द लिहिते आणि प्रत्येक शब्द केव्हा लागू पडतो याचा एकेक प्रसंग मुलांकडूनच घेते. स्वतःचा प्रसंग सांगण्याची सक्ती नसते. गोष्टीतल्या मुलाचा सांगितला तरी चालतो. मित्राने न विचारता दुसऱ्याबरोबर बाक घेतला तर हिरमुसायला होते, घरी पैशावरून भांडण चालू असताना फी मागायची असेल तर कोंडमारा होतो, हे मुलेच सांगतात. एकदा शब्द मिळाला की मूल ‘टेन्शन’ म्हणून थांबत नाही. पोटात गोळा येतो, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, हेही बोलू द्यावे. पाचवी-सहावीच्या मुलांची पोटदुखी गणिताच्या तासाआधीच नेमकी सुरू होत असेल, तर ती खोटी मानू नये; दुखते ते खरोखरच दुखते. डॉक्टरांकडून शारीरिक कारण तपासून घ्यावे आणि सोबत त्या तासात काय घडते तेही पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवनकौशल्ये (निर्णय घेणे, भावना हाताळणे, संवाद साधणे इत्यादी) आपण सर्वांनी प्रशिक्षणात लिहून घेतली आहेत. त्यांचा तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा हा एक तास मला अधिक उपयोगी पडला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची म्हणून लिहिते. आमच्याकडे निफाड आणि दिंडोरीकडून रोज एसटीने येणारी मुले आहेत. द्राक्षे काढणीला आलेली असताना अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी ही मुले वर्गात बसलेली असतात, पण त्यांचे लक्ष आकाशाकडे असते. त्या दिवशी त्यांना अभ्यासाविषयी न बोलता ‘बाग कशी आहे?’ एवढे विचारावे. तसेच पेठ-सुरगाण्याकडची काही कुटुंबे दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामासाठी खाली उतरतात आणि त्यांची मुले अध्येमध्ये शाळेत दाखल होतात. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला वर्गातील मराठीत मन मोकळे करता येत नाही, आणि त्याला आपण अबोल समजतो. त्याच्यासाठी चित्र, माती, खेळ हेच बोलणे समजावे.

---

उत्तर २
निवृत्त वर्गशिक्षक, पंचवटी

मी समुपदेशक नाही. तीस वर्षे वर्गशिक्षक होतो, म्हणून शिक्षकांच्या बाजूने लिहितो. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे आणि त्यात अभ्यासक्रम पुरा करणे, या साऱ्यात जे मूल आवाज करते तेच नजरेत भरते. त्यात शिक्षकांची निष्ठा कमी असते असे कृपया समजू नये. आपण शिक्षकांना ‘अडचणीची मुले कळवा’ असे सांगितलेत तर ते दंगेखोर मुलांची यादी देतील. त्याऐवजी महिन्यातून एकदा एवढेच विचारावे, ‘गेल्या महिन्याच्या तुलनेत कोण बदलले आहे?’ बोलके मूल गप्प झाले, नीटनेटके अक्षर एकाएकी बिघडले, पहिल्या बाकावरचे मूल आपण होऊन मागे जाऊन बसले. बदल हा शब्द वापरला की शिक्षकाला मुलावर दोष ठेवावा लागत नाही आणि आठवतेही बरेच.

हजेरीपट मात्र आपण स्वतः वाचावा. एकूण किती दिवस गैरहजर यापेक्षा कोणत्या वारी गैरहजर हे पाहावे. माझ्या वर्गातील एक मुलगा दर बुधवारी येत नसे. मी त्याला अर्धे वर्ष उभे केले, वहीवर शेरे लिहिले, ‘पालकांना घेऊन ये’ म्हणून सांगितले. तो मान खाली घालून ऐकून घेई आणि पुढच्या बुधवारी पुन्हा गैरहजर राही. शेवटी एका बुधवारी मी कामानिमित्त गोदाघाटावर गेलो, तेव्हा तेथील आठवडे बाजारात तो आईच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधताना दिसला. मला पाहताच त्याने जुडी खाली ठेवली आणि उभा राहिला, वर्गात राहत असे तसाच. त्याचे वडील काही महिन्यांपूर्वी वारले होते आणि ते त्याने वर्गात कोणालाही सांगितले नव्हते. मलाही कळले नव्हते. वर्गशिक्षक असून मला कळले नव्हते, ही खंत आजही माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर त्याच्या आईशी बोलून असे ठरवले की बाजार मांडून झाला की तिसऱ्या तासापासून त्याने यावे, आणि बुडालेले दोन तास मी गुरुवारी भरून घ्यावेत. तेव्हा आमच्या शाळेत समुपदेशक नव्हते. असते तर त्या मुलाचे ते सहा महिने वाचले असते, एवढेच आपल्या कामाविषयी सांगतो.

---

विचारणाऱ्यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सरांचा बुधवारचा प्रसंग मी शिक्षकसभेत, आपली अनुमती असेल तर, वाचून दाखवू इच्छिते.

यातून एक अडचण पुढे येते. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे नोंदवही मागितली आहे, ज्यात मुलाचे नाव, तक्रार आणि ‘मुलाने काय सांगितले’ असे रकाने आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु ती वही कार्यालयात राहणार आणि चार जण वाचणार. गोपनीयता कोठपर्यंत पाळावी आणि कोठे मोडावी?

---

उत्तर ३
बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ती, नाशिक

नोंदवह्या दोन ठेवाव्यात. पहिली कार्यालयासाठी: दिनांक, इयत्ता, भेटींची संख्या आणि विषयाचा ढोबळ प्रकार, जसे अभ्यास, मैत्री, घर, आरोग्य. तिच्यात नाव नसावे. दुसरी आपल्या कुलुपात, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालून. मुख्याध्यापकांना हे समजावून सांगावे की मुलाचे म्हणणे कार्यालयात पोहोचते असे एकदा मुलांना कळले की दोन्ही वह्या कोऱ्या राहतील.

तथापि मुलाला ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. पहिल्याच भेटीत, मुलाने काही सांगण्याआधी, साध्या शब्दांत सांगावे: ‘तू बोलशील ते माझ्यापाशी राहील. मात्र तुझ्या जिवाला धोका असेल, तुला कोणी इजा करीत असेल, किंवा तुझ्या हातून दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल, तर मला मदत करणाऱ्या माणसाला सांगावे लागेल. आणि कोणाला सांगणार ते मी आधी तुला सांगेन.’ नंतर सांगितलेली मर्यादा मुलाला विश्वासघात वाटते.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर येथे निवड आपल्या हाती नाही. पोक्सो कायदा, २०१२ (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास कलम २१ नुसार शिक्षा आहे. ‘शाळेचे नाव जाईल, आपसात मिटवू’ हा सल्ला कितीही ज्येष्ठ व्यक्तीने दिला तरी मानू नये. आपण तपास अधिकारी नाही हेही लक्षात असावे. मुलाला खोदून खोदून विचारू नये, तीच हकिगत चार जणांसमोर पुन्हा सांगायला लावू नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे, दिनांक आणि वेळ घालून लिहून ठेवावेत. पालकांना धीर देताना हे सांगावे की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यांनी, गणवेशाविना नोंदवावा अशी तरतूद याच कायद्यात आहे. मुलाला तातडीने संरक्षण हवे असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

मूल ‘जगावेसे वाटत नाही’ अशा अर्थाचे काही बोलले किंवा वहीत तसे लिहिलेले आढळले, तर विषय बदलू नये. शांतपणे, थेट विचारावे: ‘जीव द्यावा असे मनात येते का? कसे करायचे तेही ठरवले आहेस का?’ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; बहुतेक वेळा मुलाला सुटल्यासारखे वाटते. त्या दिवशी त्याला एकटे घरी पाठवू नये, पालकांना बोलावून प्रत्यक्ष त्यांच्या हाती सोपवावे, घरातील औषधे आणि कीटकनाशके कुलुपात ठेवण्यास सांगावे (शेतकरी कुटुंबांत हे आवर्जून सांगावे), आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात नेण्याची व्यवस्था करावी. टेलिमानस ही सरकारची दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. वाढीच्या वयातील इतर प्रश्नांसाठी, विशेषतः जी मुले शाळेत बोलायला संकोचतात त्यांना, सरकारी रुग्णालयांतील मैत्री क्लिनिक उपयोगी पडते. ते १० ते १९ वयोगटासाठी आहे.

मुख्याध्यापकांशी बोलताना एक संदर्भ जवळ असू द्यावा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांमधील मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत म्हटले आहे. आपले पद ही शाळेने केलेली मेहरबानी नाही, आणि आपल्या कामाला लागणारी गोपनीयता मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

---

उत्तर ४
एक पालक, सिडको

मी अंबडच्या एका कंपनीत पाळीत काम करतो. शाळेतून फोन आला की आमच्या घरात सर्वांच्या काळजात धस्स होते, कारण शाळा फक्त तक्रारीसाठीच फोन करते. मागील वर्षी मुलाच्या समुपदेशक बाईंनी पहिला फोन केला तो ‘आपल्या मुलाने आज पाचवीच्या एका पडलेल्या मुलाला उचलून कार्यालयात आणले’ हे सांगण्यासाठी. दोन महिन्यांनी त्यांनी मुलाच्या चिडचिडीविषयी बोलायला बोलावले, तेव्हा मी हातचे काही न राखता बोललो. माझ्या रात्रपाळीमुळे तो मला आठवड्यातून दोनदाच जागा भेटतो, हेसुद्धा मी त्यांनाच प्रथम सांगितले. शक्य असल्यास पालकभेटीची वेळ दुपारी चारनंतर ठेवावी. पहिल्या पाळीचे पालक तेव्हाच येऊ शकतात.

---

विचारणाऱ्यांचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर)

खिडकीला कागद लावला. पाटी काढून टाकली. तिच्या जागी अद्याप काही लावलेले नाही. आठवीच्या तीन तुकड्यांच्या भेटी हजेरी क्रमांकाप्रमाणे सुरू आहेत आणि नोंदवहीच्या रकान्यांतून ‘मुलाने काय सांगितले’ हा रकाना मुख्याध्यापकांनी स्वतः खोडला.

आठवीच्या एका वर्गात चिठ्ठ्या घेतल्या. कट्ट्यावर बसणाऱ्या त्या मुलीकडे माझ्या अपेक्षेविरुद्ध दोन बाण आले होते. तिने स्वतः मात्र तीनऐवजी एकच नाव लिहिले होते, आणि ते वर्गातील कोणाचेच नव्हते. सूचना नीट ऐकली नसेल असे मला प्रथम वाटले. जूनमध्ये सेमी इंग्रजीसाठी तुकड्या नव्याने पाडल्या, तेव्हा पाचवीपासून तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली. ते नाव तिचे होते. त्या तुकडीची मधली सुट्टी वीस मिनिटे आधी होते. दोघींची तीन महिन्यांत डब्याच्या वेळी एकदाही गाठ पडलेली नाही.

आता दोघींना वाचनालयातील पुस्तके लावण्याचे काम दिले आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी, शेवटच्या तासाला. ज्या दोघींनी तिचे नाव लिहिले त्यांच्यापैकी एकीला प्रकल्पात तिच्याबरोबर घेतले आहे. ती अजून कट्ट्यावरच बसते. तिच्याशी माझे स्वतंत्र बोलणे अद्याप झालेले नाही आणि मी घाई करणार नाही. घरी काही वेगळे कारण आहे का, हे पाहणे अजून बाकी आहे.

पुढील जूनमध्ये तुकड्या पाडताना प्रत्येक मुलाबरोबर त्याने सांगितलेला किमान एक मित्र किंवा मैत्रीण त्याच तुकडीत राहील, असे करता येईल का, हे मी मुख्याध्यापकांना विचारले. त्यांनी लेखी पद्धत मागितली आहे. आपल्यापैकी कोणाच्या शाळेत असे केले जात असेल, तर एप्रिलपूर्वी मुलांकडून नावे कशी घेता आणि गुणांच्या यादीशी त्यांचा मेळ कसा घालता, हे कृपया येथे लिहावे.